वडील हयात

पद्माकर दातार चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले तरी त्यांचे वडील हयात होते. कुठे होते असं विचाराल तर ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण घरात कुठलंही कार्य निघालं, गुरुजींनी पळी ताम्हनात टेकवून "वडील?" असं विचारलं, की पद्माकर "हयात" म्हणत आणि गुरुजी मान डोलावून पुढचा मंत्र म्हणायला लागत. रहिमतपूरचे जुने गुरुजी गेले आणि त्यांच्या जागी त्यांचा मुलगा निशिकांत आला. तो जरा चौकस. त्याने एकदा मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला, "काका, म्हणजे एकशेआठ वर्षांचे असतील हो."

"असतील. तू पुढचं म्हण," पद्माकर म्हणाले.

ही थट्टा नव्हती, घरातली एक जुनी गाठ होती. श्रीनिवास दातार लष्कराच्या रसद खात्यात कारकून होते. एक्केचाळीस साली त्यांची तुकडी सिंगापूरला गेली तेव्हा पद्माकर आईच्या पोटात होते. पुढच्या वर्षी सिंगापूर पडलं आणि घरी सरकारी पत्र आलं, बेपत्ता. लढाई संपली, जपान्यांच्या कैदेतून सुटलेले लोक हाडांचे सापळे होऊन परत आले, श्रीनिवास आले नाहीत. मग गावात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, तो तिकडेच मेला. दुसरी, मेला कसला, तिकडे दुसरा घरोबा करून मजेत आहे. दुसरी गोष्ट जास्त चवदार, त्यामुळे तीच टिकली. पद्माकरांना ती शाळेत, पारावर, पुढे स्वतःच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा ऐकावी लागली.

आईचं म्हणणं एकच, येतील. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात बांगड्या, चैत्रात कुणाचं हळदीकुंकू चुकवायची नाही. कैदेतून सुटलेला कोरेगावचा एक माणूस एकदा शाळेत येऊन तिला भेटून गेला. लंगडत होता, आणि त्याने छोट्या पद्माकरच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता, एवढं पद्माकरांना आठवतं. तो काय म्हणाला, असं घरातल्या सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं. आई म्हणाली, "खुशाल आहेत म्हणाला." सरकारने विधवेचं पेन्शन देऊ केलं तर 'मी विधवा नाही' असं कळवून तिने ते नाकारलं. बारा वर्षं उलटल्यावर थोरले काका म्हणाले, आता रीतीप्रमाणे गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देऊ, म्हणजे सुटलो. आई हातातलं उलथनं घेऊन माजघरात आली आणि म्हणाली, "ज्यांना हौस असेल त्यांनी आपापले पुतळे जाळावेत." पुन्हा कुणी विषय काढला नाही.

त्या रात्री तिने पद्माकरला जवळ घेऊन शपथ घातली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावाने पाणी सोडायचं नाहीस. पद्माकरने घेतली शपथ. चुलतभावांच्या उसवलेल्या चड्ड्या घालून शाळेत जाताना मात्र त्याला आईच्या हट्टाचा राग यायचा, आणि त्याहून जास्त राग त्या बापाचा. असला तर पत्र का पाठवत नाही? नसला तर नीट मरत का नाही?

आई गेली त्याला आता तीस वर्षं होत आली. मळवट भरून, हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून सवाष्णीसारखी तिची रवानगी झाली, आणि तेव्हापासून पद्माकर तिचं श्राद्ध दर पितृपक्षात अविधवा नवमीला करतात. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा तो दिवस. वडिलांचं श्राद्ध नाही, कारण वडील हयात.

आता स्वतःची वेळ जवळ आल्यावर त्यांना झोप लागेना. आपण गेलो की या माणसाला पाणी द्यायला मागे कुणी नाही. मुलगी नीता सिंगापुरात बँकेत, नात इरा इंग्रजीतून शिकणारी. पाणी सोडलं तर आईचं कुंकू आपल्या हाताने पुसलं जाणार, आणि नाही सोडलं तर बाप आणखी शंभर वर्षं तहानलेला राहणार. आईची शपथ तिच्या डोळ्यांपुरती होती हे खरं, पण म्हणून काय झालं? नीताने फोनवर सांगितलं की क्रांजीच्या युद्धस्मारकावर बेपत्ता हिंदी सैनिकांची नावं कोरली आहेत, आजोबांचंही आहे. पद्माकर म्हणाले, "तिकीट काढ. बघतो मी काय करायचं ते."

"या बाबा, पण बरोबर खसखस आणू नका," नीता म्हणाली. "इथे ती ड्रग्जमध्ये धरतात. खरंच धरतात."

खसखस आणली नाही, पण विमानतळावर बॅगेतून काळ्या तिळांची पुरचुंडी आणि दर्भाची जुडी निघाली तेव्हा तिथला तरुण अधिकारी बुचकळ्यात पडला. हे काय आहे, त्याने विचारलं. पद्माकरांनी पाटबंधारे खात्यातलं जुनं इंग्रजी परजून सांगितलं की हे माझ्या वडिलांसाठी आहे. अधिकाऱ्याने त्यांच्या वयाकडे पाहिलं, तीळ बोटांत घेऊन पाहिले आणि अदबीने पुरचुंडी परत बांधून दिली.

नीताचा फ्लॅट बुकित तिमाहला. आठ दिवस पद्माकर तिथे राहिले, फिरले, आणि शहर त्यांना आवडलं, हे कबूल करायला हवं. झाडं कापून नीट ठेवलेली, बस वेळेवर. पण लेकीबरोबर खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये बसले की त्यांचं लक्ष ताटात नसे. गावातली ती दुसऱ्या घरोब्याची गोष्ट मनात ठेवून ते येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्यांची नाकं न्याहाळत. दातारांचं नाक मधेच बाक घेऊन खाली उतरतं, ते लपत नाही. एखादा सावळा, बाकदार नाकाचा सत्तरीचा माणूस चहाचा कप घेऊन गेला की पद्माकरांचा घास तोंडातच राही. तो माणूस तमिळ निघे, नाहीतर मलय, आणि पद्माकर स्वतःवरच चिडत.

रविवारी महाशिवरात्र होती. नीताने साबुदाण्याची खिचडी केली होती, जावई शिरीष तुआसच्या प्लांटवर ड्यूटीला गेला होता, आणि पद्माकर गॅलरीत बसून ताक पीत होते. संध्याकाळी अचानक सगळ्या शहरावर भोंगा वाजायला लागला. लांबलचक, चढउतार करणारा. पद्माकरांनी ताक खाली ठेवलं. पासष्टात आणि एकाहत्तरात ऐकलेला आवाज कानात अजून होता. ते उठून सरळ स्टोअररूमच्या पोलादी दाराशी गेले. इथल्या प्रत्येक नव्या घरात बॉम्बपासून वाचायला अशी एक भक्कम खोली बांधून देतात, हे पहिल्याच दिवशी शिरीषने त्यांना दाखवलं होतं. नीताने त्या खोलीत लोणच्याच्या बरण्या, सुटकेसा आणि इराची जुनी सायकल ठेवली होती.

"आजोबा, रिलॅक्स ला," पंधरा वर्षांची इरा हसत म्हणाली. "टोटल डिफेन्स डे आहे. एव्हरी इयर वाजवतात."

"कशाबद्दल?"

"ब्रिटिशांनी सरेंडर केलं ना, त्याच दिवशी. फिफ्टीन्थ फेब. शाळेत आम्हाला त्या दिवशी नुसती उकडलेली रताळी खायला द्यायचे. वॉरमध्ये लोक काय खायचे ते कळावं म्हणून."

पद्माकर खुर्चीवर परत बसले. उपासाच्या दिवशी रताळ्याचा कीस खाणाऱ्या माणसाला त्यात काही शिक्षा वाटेना. आपला बाप या आवाजाखाली होता, एवढंच त्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं बाप म्हणजे एक भांडण होतं. आज पहिल्यांदा तो चोवीस वर्षांचा, घामेजलेला, घाबरलेला असा समोर उभा राहिला.

"तुझी पणजी," ते इराला म्हणाले, "शिवरात्रीनंतरच्या अमावस्येला परसात एक दिवा लावायची. दर वर्षी. दक्षिणेकडे तोंड करून. दिव्याचं तोंड कधी दक्षिणेला करत नाहीत, म्हणून मी लहानपणी विचारलं. ती म्हणाली, सिंगापूर तिकडेच आहे, त्यांना घरची वाट दिसू दे."

इराला ते फार आवडलं. तिने लगेच फोन काढला, रहिमतपूर शोधलं, बोटाने नकाशा ओढत सिंगापूरपर्यंत आणला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "बट आजोबा, सिंगापूर साऊथला नाहीये. हे बघा. साऊथ-ईस्ट. साऊथला गेलं तर डायरेक्ट समुद्र."

"तिला काय कळायचं तेव्हाचं," नीता आतून म्हणाली.

"शाळेत भूगोल शिकवायची ती," पद्माकर म्हणाले. "भिंतीवर आशियाचा नकाशा टांगून." त्यांनी इराच्या फोनवरचा नकाशा एकदा पाहिला. मग म्हणाले, "असेल. दिव्याला काय, थोडं इकडे तिकडे." आणि विषय तिथेच राहिला.

क्रांजीला मंगळवारी जायचं ठरलं, कारण चिनी नववर्षाची सुट्टी होती आणि नीताची बँक बंद होती. सकाळी शेजारच्या चिनी आजींनी रीतीप्रमाणे दोन संत्री आणून दिली. ती पद्माकरांनी तिळांच्या पिशवीतच टाकली. नीता मात्र अस्वस्थ होती. स्मारकावर तीळ-पाणी सोडायला परवानगी लागते का, असा ईमेल तिने कुणाला तरी पाठवला होता आणि उत्तर आलं नव्हतं.

"बाबा, इथे फाइन होतो हो कशालाही."

"होऊ दे. भरू," पद्माकर म्हणाले. आवाज ठाम होता, पण पाणी सोडायचं की नाही हे अजून त्यांचंच ठरलं नव्हतं. नुसतं नाव बघून परत येऊ, असंही ते मनाशी म्हणत होते.

टॅक्सीवाले अंकल साठीचे, चिनी, गप्पिष्ट. सणाच्या दिवशी क्रांजीला कोण जातं, असं त्यांनी विचारलं, आणि कारण कळल्यावर आवाज खाली आणला. त्यांची आजी सांगायची म्हणे, की सिंगापूर पडलं तो दिवसही नववर्षाचाच होता, अगदी पहिला. घरात सगळं रांधून ठेवलं होतं, आणि कुणी एक घास खाल्ला नाही. आजी शेवटपर्यंत नववर्षाच्या सकाळी ही गोष्ट सांगायची आणि मुलं कंटाळून जायची. पद्माकरांनी मान हलवली. त्यांचं सगळं लक्ष खिडकीबाहेर होतं.

स्मारक टेकाडावर होतं. हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या रांगा, वर मोठमोठ्या भिंती आणि त्यांवर नावंच नावं. एक माळी मशीनने गवत कापत होता, दुसरं कुणीही नव्हतं. इराने फोनवर क्रमांक बघून भिंत शोधली. मग पद्माकरांनी चष्मा पुसला आणि मान वर करून पाहिलं. इंग्रजी अक्षरांत आडनावासकट नाव होतं. वरखाली पंजाबी, गढवाली नावं, मधे हे एकटं कोकणस्थ नाव चुकून आल्यासारखं. पद्माकरांना वाटलं होतं, काहीतरी होईल. काहीच झालं नाही. त्यांनी हात वर केला, पण नाव उंचावर होतं. मग इराने टाचा उंचावून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हॅलो, पणजोबा."

त्या दोन शब्दांनी त्यांचं ठरलं. पोरगी ज्याच्याशी बोलते त्याला आपण पाणी नाकारायचं? आईला जे म्हणायचं ते वर गेल्यावर म्हणू दे, ऐकून घेऊ. त्यांनी चपला काढल्या, हिरवळीच्या कडेला पंचा अंथरून बसले, तांब्याऐवजी पाण्याची बाटली पुढे घेतली, दर्भाचं पवित्रक बोटात घातलं. नीता आजूबाजूला बघत उभी राहिली. इराने फोनवर दिशा पाहून पूर्व दाखवली, कारण संकल्प पूर्वेकडे तोंड करून करायचा आणि पाणी मात्र दक्षिणेकडे.

"दक्षिणेलाच का?" इराने विचारलं.

"गेलेल्या माणसांची दिशा ती. एरवी तिकडे तोंड करून काही करायचं नसतं," पद्माकर सवयीने म्हणाले आणि त्यांनी आचमन करून संकल्प सुरू केला. संकल्पात स्थळ सांगायचं, काळ सांगायचा, मग तिथी. त्यांचा आवाज एका लयीत चालला होता. "माघमासे, कृष्णपक्षे, अमावास्यायां तिथौ..."

आणि ते थांबले.

नीताला वाटलं, चक्कर आली. ती धावत पुढे आली. पद्माकर हातातल्या पाण्याकडे बघत होते.

"इरा," ते म्हणाले, "हा चिनी लोकांचा नववर्षाचा दिवस. अमावस्येलाच असतो?"

"न्यू मून. येस, ऑल्वेज."

"आणि तो टॅक्सीवाला काय म्हणाला? त्या वर्षीही नववर्षाच्याच दिवशी पडलं?"

"हो ना, फर्स्ट डे. आमच्या टीचरनेपण सांगितलं होतं. फिफ्टीन्थ फेब."

फेब्रुवारीच्या मध्यातली अमावस्या. शिवरात्र झाली की लगेच येणारी. आज आहे तीच. पद्माकरांच्या डोळ्यांपुढे रहिमतपूरचं परस आलं, तुळशीच्या मागे कोपऱ्यात ठेवलेली पणती आली, पदराने वारा अडवून उकिडवी बसलेली आई आली. दर वर्षी हाच दिवस. दक्षिणेकडे तोंड. भूगोल शिकवणाऱ्या बाईला सिंगापूर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं होय? दिवा लावायला सुरुवात झाली ती त्या लंगड्या माणसाच्या येण्यानंतर, हेही त्यांना आत्ता आठवलं. तो 'खुशाल आहेत' असं म्हणाला नव्हता. सिंगापूर पडलं त्याच दिवशी वडील गेले, हे त्याने तिला नीट सांगितलं होतं. तिने शाळेच्या ओसरीत उभ्याने ते ऐकून घेतलं, पंचांगात दिवस बघून ठेवला, आणि घरी येऊन सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलली.

"तिला माहीत होतं," पद्माकर म्हणाले. "नीता, तिला सगळं माहीत होतं गं."

नीताला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. तुकड्या-तुकड्यांनी, मधे थांबत. घरात वडिलांच्या आत्या होत्या, सोळाव्या वर्षी विधवा झालेल्या. डोक्यावरचे केस काढलेले, अंगावर लाल आलवण, मागच्या खोलीत बसून जन्म काढलेला. कुठल्या कार्यात पुढे यायचं नाही, सकाळी कुणाच्या समोर पडायचं नाही. पंचवीस वर्षांची आई रोज त्यांना ताट नेऊन द्यायची. 'गेले' असा एक शब्द तोंडातून निघाला असता तर दुसऱ्या दिवशी सासूने दारात न्हावी बोलावला असता.

"मी तिला वेडी समजत आलो," पद्माकर म्हणाले. "भाबडी, हट्टी, काय काय. आणि ही बाई वर्षातून एकदा माझ्या देखत त्यांना दिवा दाखवत होती. मला म्हणाली, वाट दिसू दे." ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे. गवत कापणाऱ्या माळ्याने मशीन बंद केलं आणि तो टोपी काढून लांबच उभा राहिला.

बऱ्याच वेळाने पद्माकरांनी पंच्याने तोंड पुसलं. ते दक्षिणेकडे वळले, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, ओंजळीत तीळ घेतले. या वेळी ते मधे थांबले नाहीत. वडिलांचं गोत्र, वडिलांचं नाव. अंगठ्याच्या बाजूने पाणी गवतावर पडलं. एकदा, दोनदा, तीनदा. काळे तीळ हिरवळीत दिसेनासे झाले. आठ दिवस लोकांची नाकं बघत हिंडलो, हे आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तसं त्यांनी वडिलांना मनातल्या मनात सांगूनही टाकलं.

मग ते तिथेच संत्री सोलत बसले. एक इराला दिलं, दुसऱ्याच्या अर्ध्या फोडी भिंतीच्या पायथ्याशी ठेवल्या. नीताने या वेळी फाइनचं नाव काढलं नाही. पण हिशेबी पोरगी, तिच्या डोक्यात पुढचं चालू झालंच होतं.

"बाबा, आता आजीचं कसं करायचं? म्हणजे आजोबा आधी गेले, तर मग तिचं श्राद्ध अविधवा नवमीला चालणार नाही ना? निशिकांत गुरुजींना सांगावं लागेल."

पद्माकरांनी फोडीतली बी काढून रुमालात ठेवली.

"कशाला? त्यांना पाणी द्यायचं होतं, ते मी दिलं. तो माझा आणि त्यांचा प्रश्न होता," ते म्हणाले. "आईचं नवमीलाच करायचं. पन्नास वर्षं एकटीने सांभाळलेलं कुंकू आहे ते, आणि मी गेल्यावरही तुम्ही सांभाळायचं. निशिकांतने विचारलं, वडील? तर मी सांगणार, हयात."